नावे बसवण्याचे काम

समुद्रपूरला एका सरकारी कचेरीत मी कारकून होतो आणि लग्नसराईत चोरून मंगलाष्टके लिहून देत असे. चोरून, कारण परवानगीशिवाय पैसे घेऊन बाहेरचे काम करणे आम्हाला मना होते. पण घरात सहा माणसे होती आणि हे काम सोयीचे होते. सवड मिळेल तेव्हा लिहावे, कुठेही बसून लिहावे.

त्या काळी आमच्याकडे लग्नात गुलाबी, पिवळ्या कागदांवर मंगलाष्टके छापून वाटत. नवरीची मावशी, नवरदेवाचा भाऊ, असे कुणीतरी ती आपल्या नावाने छापून घेई. वर्ध्याच्या एका छापखान्याचे मालक गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवत. चिठ्ठीत दोन्हीकडची नावे, गावे आणि लग्नाची तारीख असे. ती नावे वृत्तात बसवून मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने कागद परत पाठवायचा.

"घ्या कवीराज! पाच नवरदेव आन्ले, एकाचंबी तिकीट नाई फाडलं," कंडक्टर स्टँडवर मोठ्याने म्हणायचा. मी पाकीट घाईने शर्टात कोंबायचो. आमचे हेडक्लार्क तिथेच पान खायला येत.

घरी पहिली ऐकणारी माझी थोरली बहीण. तिला मी बाई म्हणत असे. चौथीपर्यंत शिकलेली, पण कान पक्का. भाजीच्या जुड्या बांधता बांधता ऐकायची आणि मी अडलो की विचारायची, "काऊन थांबला बाबू? कोण बसून नाई राह्यला?"

"नवरीचा मामा."

"मामाले मागच्या ओळीत बसव. मांडवात तरी त्याले कोण पुढं बसवते?"

बाई सेलूकडच्या एका गावी दिलेली होती. सहा वर्षे नांदली. मूल झाले नाही. एका दिवाळीला नवऱ्याने तिला आमच्या दारात आणून सोडले, चहा घेतला आणि "पंधरा दिवसांनी न्यायला येतो" म्हणून गेला. ना भांडण, ना काडीमोड. त्याला चार वर्षे झाली होती. तिने आमच्या परसात आणि शेजारच्या पडीत तुकड्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावली आणि बाजारात बसू लागली. कुंकू मात्र रोज ठसठशीत लावायची. कुणी विचारलेच तर म्हणायची, "कामात हायेत. येतील."

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात पाकिटातली तिसरी चिठ्ठी मी उघडली. नवरदेवाचे नाव, बापाचे नाव, गाव. ते माझे मेहुणे होते. लग्न आठ दिवसांवर आलेले. अक्षर त्यांच्या बहिणीचे. खाली तिने सूचना लिहिली होती, 'आमच्या घरी पहिल्यांदाच सून येते, असं लिवा.'

मला काय करायला हवे होते हे मला त्याच क्षणी कळले. बाईला सांगायचे, गावातली चार माणसे घ्यायची आणि जाऊन लग्न थांबवायचे. पण पहिला प्रश्न आला असता, तुम्हाला कळले कसे? पोलिसांत गेलो तर चिठ्ठी दाखवावी लागली असती आणि तिच्यामागे छापखाना, कंडक्टर आणि मी. त्याच महिन्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला बायकोच्या नावाने विम्याची एजन्सी चालवल्याबद्दल नोटीस मिळाली होती. हेडक्लार्क सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले होते, "कोणाचं काय चालू हाय, मले समदं माहीत हाय."

चिठ्ठी न लिहिता परत पाठवली असती तर मालकांनी कारण विचारले असते. असे मी स्वतःला सांगितले. दुसरे कुणीतरी बाईला सांगेल, असेही सांगितले. आणि लिहायला बसलो. लाज याची वाटते की ओळी चांगल्या झाल्या. नावे एका बैठकीत बसली.

"आज वाचून नाई दाखवलं?" बाईने विचारले.

"छोटंच होतं," मी म्हणालो.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी बाजारात सेलूकडच्या एका बाईने तिला सांगितले. ती घरी आली, उरलेली भाजी ओल्या पोत्याखाली झाकली आणि मला म्हणाली, "उद्या रजा टाक. वर्ध्याले वकिलाकडं जाऊ."

वकील वयस्क होते. सगळे ऐकून म्हणाले, "ते म्हणणार, लग्न झालंच नाही, कामाला बाई ठेवली आहे. गावातला माणूस साक्ष द्यायचा नाही. लग्नाचा एखादा कागद आणा. पत्रिका, मंगलाष्टक, काहीही. महिनाभरात आणलात तर मी केस उभी करतो."

नावाच्या चुकीची तक्रार आली तर दाखवायला म्हणून हंगामभराच्या चिठ्ठ्या मी पेटीत जपून ठेवत असे. ती चिठ्ठी तिथेच होती, तारखेसकट, त्यांच्या घरच्या अक्षरात. छापखाना तर वकिलांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होता.

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्ही भाऊ ना? तुमच्या कानावर काहीच आलं नाही?"

मी तोंड उघडण्याआधी बाई बोलली, "वकीलसाहेब, त्याले माहीत असतं तर त्यानं मले त्याच दिवशी सांगतलं असतं. तो तसा नाई."

मी मान हलवली.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "माह्यापायी तुही रजा गेली रे." दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर मी चिठ्ठी चुलीत घातली. छापखान्यात जाऊन मंगलाष्टकाची एखादी उरलेली प्रत मागायची हिंमत त्या महिन्यात मला एकदाही झाली नाही. बाईला छापखान्याचे नाव सांगायचीही नाही.

ती मात्र फिरत राहिली. बाजार नसेल त्या दिवशी सेलूची गाडी धरायची, आसपासच्या गावांत लग्नाला गेलेल्यांची घरे विचारत हिंडायची. कुणी पाणी द्यायचे, कुणी दारातूनच वाटेला लावायचे. महिना संपायला पाच-सहा दिवस उरले असताना ती संध्याकाळी परतली, धुळीने पाय पोटरीपर्यंत माखलेले. ओट्यावर बसून म्हणाली, "एकीजवळ होता कागद. गुलाबी. पण तिनं त्यात बुंदी बांधून पाव्हण्याले देऊन टाकला म्हणते."

मी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणालो, "सोमवारी अजून एकदा जाऊन पाह्य."