गॅसबत्तीच्या उजेडातला खून

तळोद्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं एक शेत होतं. कापूस वेचून पऱ्हाट्या उपटल्या की पावसाळ्यापर्यंत ते नुसतं पडून असायचं. मी लग्न होऊन त्या घरात आले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिथे तंबूचा सिनेमा आला. तंबूवाल्याने जागा मागितली आणि आबांनी दिली. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. महसूल खात्यातून निवृत्त होऊन घरी बसले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. ते घरात पाणी मागायचे तेसुद्धा हुकूम काढल्यासारखं.

जागा देताना त्यांनी अटी घातल्या. बायका वेगळ्या बसतील. मध्ये कनात लागेल. आणि बायकांच्या बाजूला खेळ संपेपर्यंत गॅसबत्ती जळती राहील.

"उद्या कोणी म्हणायला नको की अमक्यांच्या शेतात बायामाणसं अंधारात बसली," ते म्हणाले.

तंबूवाला समोर हात बांधून उभा होता. तो म्हणाला, "मालक म्हणतील तसं."

या वाक्यावर तो पुढे सगळा उन्हाळा काढणार होता.

पहिल्या दिवशी आम्ही घरच्या सगळ्या बायका गेलो. मी, माझी सासू, जावा, शेजारपाजारच्या. सासूला आम्ही जिजी म्हणायचो. आबा तिचे जेठ. त्यामुळे एका घरात इतकी वर्षं काढूनही ती त्यांच्याशी कधी थेट बोलली नव्हती, आणि त्यांनी तिचा चेहरा धड पाहिला नव्हता. काही सांगायचं असेल तर ती मला सांगायची, मी आबांना सांगायचे. जिजी दोन हातांच्या अंतरावर उभी असली तरी आबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, भाजीत मीठ कमी आहे." मी मान फिरवून तिला सांगायचे. तिने ते ऐकलेलं असायचंच, पण पद्धत ती पद्धत.

आमच्या डोक्यामागे खांबावर गॅसबत्ती फुसफुसत होती. तिचा उजेड इतका की तंबूत बसून गहू निवडता आला असता. पडद्यावर ऊन असेपर्यंत सगळं छान चाललं. नायक आला, नायिका आली, झाडाभोवती गाणं झालं. मग कथेत रात्र पडली आणि पडदा राखेसारखा झाला. त्या राखेत कोणीतरी चाललं, दार करकरलं, किंकाळी आली, काहीतरी धप्पकन पडलं.

"कोण मरना व माय?" एक शेजारीण म्हणाली.

"काहीच दिखत नही," दुसरी म्हणाली.

पडद्यावर सकाळ झाल्यावर आम्ही कोण कोण जिवंत आहे ते बघून मेला कोण याचा अंदाज बांधला. तो चुकला, कारण ज्याला आम्ही मेलेला धरलं होतं तो पुढे गाणं म्हणत आला. सिनेमावाल्यांचं एक बरं असतं, चांगल्या गोष्टी ते दिवसा करतात आणि महत्त्वाच्या रात्री. तेव्हा आम्हाला चांगुलपणा भरपूर दिसला. गोष्ट मात्र कळली नाही.

पुरुषांच्या बाजूलाही तीच तऱ्हा. कनात माणसांना अडवायची, उजेडाला नाही. लोक कुरकुरायला लागले आणि आबांना काम मिळालं. निवृत्तीनंतर इतक्या उत्साहात मी त्यांना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तंबूत बैठक भरवली. गावातले डॉक्टर होते, दोन-तीन शहाणे होते. गॅसबत्तीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती आबांची होती.

आधी ठरलं, पडदा मळलाय. बिड्यांच्या धुराने तो पिवळा पडला होता हे खरंच. आमच्या विहिरीवर तो धुतला गेला. आबांनी स्वतः उभं राहून त्याला नीळ घालायला लावली, आणि धोतराला घालतात त्या सढळ हाताने. त्या संध्याकाळी रात्रीच्या प्रसंगात काही दिसलं नाहीच, पण दिवसाच्या प्रसंगातसुद्धा नायिका अशी निळी दिसायला लागली की तिला साप चावलाय असं समजून माझी धाकटी जाऊ हळहळत बसली.

मग दोष मशीनवर गेला. त्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींजवळ आणून ठिणगी पेटवायचे, त्याचाच उजेड पडद्यावर पडायचा. "उजेड वाढवा," आबा म्हणाले. तंबूवाला म्हणाला, "मालक म्हणतील तसं." उजेड वाढला. खलनायक नुकताच हसायला लागला होता, तेवढ्यात फिल्म अडकली आणि त्याच्या गालावर तपकिरी डाग उमटला. डाग पसरत पसरत त्याचं सगळं तोंड जळून गेलं. पुरुषांनी शिट्ट्या मारल्या. डोंगरातल्या मोलगीकडच्या बायका बाजाराला आल्या होत्या, त्या आमच्यापुढेच बसलेल्या. त्यांच्यातल्या एका बाईने वळून मला खुणेने विचारलं, हे असंच असतं का? मी मान हलवली. आणखी काय सांगणार?

तिसरा शोध डॉक्टरांचा. त्यांनी पडदा सोडला, मशीन सोडलं आणि आमचे डोळे धरले. एवढ्या लोकांना अंधारात दिसत नाही याचा अर्थ गावात रातांधळेपणा पसरलाय, असं त्यांचं म्हणणं. आबांना हे फार पटलं, कारण यात चूक बघणाऱ्यांची निघत होती. त्यांनी घरात हुकूम सोडला: सगळ्यांनी रोज पपई खायची. सकाळी पिकलेली, दुपारी कच्चीची भाजी. मळ्यात झाडं होती, त्यामुळे सुटका नव्हती. चार दिवसांत आमची पोटं नको इतकी साफ झाली. पडदा होता तसाच.

आणि मग तो शुक्रवार आला. तेच चित्र, तीच रात्र, तेच दार करकरलं. आमच्या मागच्या रांगेत एका शेजारणीच्या तान्ह्या पोराने रडायला सुरुवात केली. तिने त्याला खांद्यावर घेतलं आणि उभी राहिली, बरोबर गॅसबत्तीच्या पुढे. तिची ही एवढी मोठी सावली पडद्यावर पडली. पुरुष ओरडले, "ए, बसा, बसा!"

पण आम्ही ओरडलो नाही. कारण बत्तीचा उजेड अडलेल्या त्या सावलीत चित्र दिसत होतं. बाकीचा पडदा राखेचा, आणि शेजारणीच्या डोक्या-खांद्यांच्या आकारात लख्ख काळी रात्र. त्या रात्रीत एक हात होता, हातात सुरा होता. ती पोराला थोपटत डावीकडे झुकली तसा सुऱ्यामागचा कोट दिसला.

"उभी ऱ्हाय व!" जिजी म्हणाली. "आजून थोडी सरक!"

शेजारीण सरकली, पण खुन्याचं तोंड तिच्या सावलीबाहेर होतं. मग माझी जाऊ उठली. मी उठले. कोणीतरी पदर पसरला, म्हणून सगळ्यांनी पसरले. जिला जिथलं बघायचं, तिने तिथे सावली धरली. पडद्याचे तुकडे तुकडे आम्ही असे गोळा करत होतो आणि पलीकडून पुरुष बोंब मारत होते. एवढ्यात जिजी उठली, खांबाशी गेली आणि गॅसबत्तीची किल्ली फिरवली. फुस्स करून हवा गेली. उजेड लाल झाला, मग विझला.

त्या पडद्यावर जिना होता, खिडकी होती, खिडकीत चंद्र होता. इतके दिवस त्या खोलीत खिडकी आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"बत्ती कोणी विझवली?" आबांचा आवाज आला. "बंद करा! सिनेमा बंद करा आधी!"

तंबूवाला मालकांचं ऐकणारा. त्याने मशीन बंद केलं.

आता बत्तीही नव्हती आणि सिनेमाही नव्हता. आबांनी ज्या अंधाराच्या भीतीने एवढ्या अटी घातल्या, तो संपूर्ण अंधार त्यांनी स्वतः हुकूम देऊन पाडला. बायामाणसं, पुरुषमाणसं, सगळं गाव त्यात बसलेलं. आबांना पुढचा हुकूम सुचेना.

त्या अंधारात माझ्याशेजारून आवाज आला. माझ्यामार्फत नव्हे, थेट.

"आबा, आम्हले कोण देखी ऱ्हायनं? समदा लोक पडदाकडे देखी ऱ्हायनात. चालू ऱ्हाऊ द्या."

तंबूभर हशा पिकला. पण मला हसू आलं नाही, कारण जिजीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. आबांनी तिचा आवाज असा, स्वतःला उद्देशून, जन्मात पहिल्यांदा ऐकला. ते फक्त खाकरले आणि काठी टेकत तंबूबाहेर गेले. तंबूवाल्याने त्या खाकरण्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावला आणि मशीन सुरू केलं.

खून झाला. आम्ही तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, मन भरून पाहिला. बाई अंधारात बसली म्हणून त्या दिवशी कोणाची अब्रू गेली असेल तर त्या खुन्याचीच.

दुसऱ्या दिवसापासून गॅसबत्ती तंबूच्या बाहेर, दाराशी टांगली गेली. हा बदल कोणी सुचवला हे आबांनी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना मात्र ते म्हणाले की पपईचा गुण यायला थोडा वेळ लागतोच.

पण त्या शुक्रवारचं एक सांगायचं राहिलं. घरी जाताना वाटेत आम्ही बायका पुढे आणि आबा मागे, काठी टेकत. जिजीने डोक्यावरचा पदर पार कपाळाखाली ओढला होता. बांधापाशी आबा थांबले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला विचार."

"काय विचारू?"

"मी बत्तीच्या भानगडीत बाहेर गेलो होतो. तेवढ्यात झालं ते. तिला विचार, खून कोणी केला?"

मी मान फिरवली. जिजी बांधाकडे बघत उभी होती. मी विचारलं. तिने सांगायला सुरुवात केली. जिना, खिडकी, कोटवाला, सुरा, सगळं. पहिली दोन वाक्यं मी आबांपर्यंत पोचवली. तिसऱ्याला मी गप्प राहिले, कारण ती थांबतच नव्हती आणि आबा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते.