मामांची पाकळी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही, आणि म्हणूनच ते मंत्री झाले, असे माझे ठाम मत आहे. जेवणार का विचारले तरी ‘भुकेचा विषय विचाराधीन आहे’ म्हणायचे. पक्ष किती बदलले असे विचारले की म्हणत, "पक्ष कोणे बदललो? कूस बदलली. एकाच कुशीर कोणाक न्हीद येता?" खुर्ची गेली त्या दिवशी म्हणाले, "जावयबापू, आज कळलें, म्हाका गुडघे आसात." मी पेडण्याहून डिचोलीला त्यांच्याकडे जायचो तो या बोलण्याच्या लोभानेच.

पण दर सोमवारी ते मला आपल्या गावच्या देवळात नेत, आणि तिथे माझे हसणे बंद पडे. मंत्री असताना त्यांनी देवळामागच्या डोंगरावर खाणीला सही दिली होती आणि गावाची झर सुकली होती. तेव्हापासून मामा डिचोलीत भाड्याने राहत. देवाने माफ केले तरच गावच्या घरात पाय ठेवायचा, हा त्यांचा पण. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावी. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग मामा गाऱ्हाणे घालत, "तत्कालीन परिस्थितीचा साकल्याने विचार करता, सदर निर्णय क्षम्य मानण्यास हरकत नसावी, असे समजावे काय?"

पाकळी पडत नसे. आम्ही तासन् तास बघत बसायचो. वारा नाही, माणूस नाही, मागे खाणीच्या खड्ड्यात साचलेले हिरवे पाणी. पाकळ्या वाळून काळ्या पडत, तरी दगडाला चिकटूनच. वाळलेले फूल गळत नाही हे पाहून माझ्या अंगावर काटा येई. मामा मात्र बाहेर येऊन म्हणत, "देव पक्को राजकारणी. हय म्हणना, न्हय म्हणना, निर्णय राखून दवरता."

गेल्या वर्षी एकदा गुरवच वैतागला आणि मामांना म्हणाला, "पात्रांव, देवाक तुमची ही सरकारी भास कळना. सादें विचारात."

मामांनी पुन्हा हात जोडले. मग कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात म्हणाले, "झर म्हज्यामुळे सुकली. माफ केलें?"

वाक्य संपले न संपले तोच डावी पाकळी पडली. पाकळीचा कधी आवाज होत नाही. त्या दिवशी झाला, टप्प असा. गुरवाने मान खाली घातली. मला वाटले, म्हातारा आता कोसळणार. पण मामा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "माफी ना. बरें. मगीर शिक्षा तरी घरा रावून भोगूया." त्याच संध्याकाळी त्यांनी आपले सामान गावच्या घरात नेले.

आता ते तिथे एकटेच राहतात. विनोद फार कमी झालेत, याचे मला वाईट वाटते. रोज संध्याकाळी ते झरीच्या कोरड्या दगडाला कान लावून बसतात. परवा मलाही बसवले. दगड गार होता. आतून, फार खोलवरून, थेंब पडावा तसे काहीतरी ऐकू आले. पाणी असेल, नाहीतर मामांवरची माझी माया.

"आयकलें?" त्यांनी विचारले. "सांगात, हय का न्हय?"

"मामा, निर्णय राखून ठेवलाय," मी म्हणालो.

ते पूर्वीसारखे पोट धरून हसले, आणि डोळे पुसत पुन्हा दगडाला कान लावून बसले.