शेऱ्याचा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे. फुशारकी मारायची म्हणून सांगत नाही, पुढे जे झालं त्यात या अक्षराचा वाटा आहे म्हणून सांगते. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. रत्नागिरीत दवाखान्याच्या कामाला लागले तेव्हाही डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या हातात औषधांची पेटी दिली नाही, नोंदवही दिली.

आमची संस्था म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, डॉक्टरबाई, एक नर्स आणि मी. आठवड्यातले तीन दिवस आम्ही खाडीकाठच्या वस्त्यांत जायचो, एसटीने, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. डॉक्टरबाई बोलायच्या कमी आणि कोरा चहा प्यायच्या फार. पेशंटच्या घरी परत जाऊन बघितल्याशिवाय उपचार केला म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्या वहीत नुसतं नाव चालत नसे. नाव, वय, काम, तक्रार, घराची खूण आणि शेवटी शेरा, असे रकाने होते. घराची खूण मी मन लावून लिहायचे: 'मोहल्ला, पाखाडीच्या पायऱ्या उतरून उजवीकडे, मोडक्या होडीसमोर.' आणि शेऱ्यात तर काय वाट्टेल ते घालायचे. कोण कुणाची, नवरा कुठे असतो, सासू धड वागवते की नाही. डॉक्टरबाई म्हणायच्या, "तुझा शेरा वाचला की माणूस समोर येऊन उभं राहतं." त्या सहसा कुणाचं कौतुक करत नसत, त्यामुळे मी आणखीच चेकाळून लिहायचे.

नव्वद सालाच्या शेवटी शेवटी आमच्या भागात कोलंबीचा एक कारखाना जोरात चालू झाला होता. माल सगळा परदेशी जायचा. वस्त्यांतल्या बायका तिथे कोलंबी सोलायला जात. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात. कोलंबीच्या डोक्याचा काटा बोटात घुसतो आणि वर तिचं पाणी कातडी खातं. नखांच्या कडा सुजायच्या, पू धरायचा, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलपटायच्या. कारखान्याने हातमोजे दिले होते, पण मोजा चढवला की हात मंदावतो आणि मजुरी मिळायची ती सोललेल्या मालावर. बायका मोजे कमरेला खोचून ठेवायच्या, साहेब फिरकला की चढवायच्या.

त्यांतली एक बाई मला जवळची झाली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, का ते पुढे कळेलच. मोहल्ल्यात सगळे तिला खाला म्हणत, मीही म्हणायचे. उंच, हाडकुळी, तोंडाची फटकळ. नवरा सौदीला गेलेला, आणि तीन वर्षांत त्याचं पत्र नव्हतं की ड्राफ्ट नव्हता. पोरगी एकच, दहावीत, हुशार. दीर रोज म्हणायचा, पोरीचं लग्न लावून मोकळी हो.

"माजे हात चालतात तंवर ती शिकंल," खाला म्हणायची, आणि ते सुजलेले हात माझ्यासमोर नाचवायची. "बारावी करंल, नर्स व्हईल. मग तुजी ही पेटी तीच उचलंल, तू बस वही घेवन."

पण सौदीवाल्याच्या बायकोने कोलंबी सोलायची म्हणजे मोहल्ल्यात दिराची मान खाली. म्हणून कारखान्याच्या हजेरीवर खालाचं नाव नव्हतंच. तिची जाऊ आधी तिथे जायची. बाळंतपणासाठी ती घरी बसली आणि तिच्या कार्डावर खाला जाऊ लागली. अशा बऱ्याच जणी होत्या. बहिणीच्या कार्डावर, नणंदेच्या कार्डावर. कार्डावर फोटो नव्हता, विचारत कुणी नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण खालानेच सांगितलं होतं, आणि मी जावेच्या नावासकट शेऱ्यात लिहिलं होतं: 'जावेच्या कार्डावर जाते. घरी भेट देताना दिरासमोर कामाचा विषय काढू नये.' तिच्या भल्यासाठीच लिहिलं होतं. लिहिलं ते लिहिलं.

एके दिवशी कारखान्याचे एक साहेब आमच्या दोन खोल्यांत आले. तरुण, मुंबईचे, बोलायला गोड. म्हणाले, "तुमच्याकडे डॉक्टर आहेत, आमच्याकडे गाडी आहे. दोघांनी मिळून केलं तर लोकांचं भलं होईल." डॉक्टरबाईंनी त्यांना कोरा चहा दिला आणि एकच गोष्ट मागितली: बायकांना मध्ये मध्ये हात कोमट पाण्यात धरायला वेळ द्या. साहेब म्हणाले, जरूर, पुढच्या टप्प्यात बघू. मला त्या कोमट पाण्यात काही रस नव्हता. मला गाडी दिसत होती. एसटीत पेटी मांडीवर घेऊन माझ्या पायांना मुंग्या यायच्या.

गाडी आली. हातखंब्याच्या पेंटरने तिच्यावर एका बाजूला कारखान्याचं नाव मोठ्ठं काढलं आणि दुसऱ्या बाजूला आमचं, जरा लहान. नारळ फुटला, फोटो निघाले. खाला गाडीत वाकून बघून म्हणाली, "आता तुमी पण मोठी मानसा झालाव." मी तेव्हा हसले.

तीन महिन्यांनी साहेबांचा निरोप आला. किती जणींनी लाभ घेतला तेवढा आकडा एका पानावर लिहून पाठवा. डॉक्टरबाई त्या वेळी आजारी आईजवळ कोल्हापूरला होत्या. मी त्यांना फोन करून विचारू शकले असते. केला नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. उलट मला वाटलं, एवढी गाडी दिली त्यांनी आणि आपण नुसता आकडा पाठवायचा? आम्ही काम कसं करतो ते कळू दे की त्यांना. मी नवी कोरी वही आणली. मथळे लाल शाईने, मजकूर निळ्या. तीन महिन्यांच्या नोंदी चार दिवस बसून उतरवून काढल्या. नाव, वय, काम, तक्रार, घराची खूण, शेरा. एकही रकाना सोडला नाही. ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि स्वतः नेऊन दिली. तिथल्या टेबलावरची मुलगी वही चाळून म्हणाली, "अय्या, किती सुंदर अक्षर!" मी खूश होऊन घरी आले.

आठवडाभराने खाला दवाखान्यात आली ती कामाच्या दिवशी, भर दुपारी. बसली नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभ्यानेच सांगू लागली. सकाळी गेटवर सुपरवायझरने सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं. हातात झेरॉक्स कागद. हजेरीवरून एकेकीला पुकारायचं, कागदाशी ताडायचं, हात बघायचे, बाजूला काढायचं. ज्यांच्या हाताला जखम त्यांनी उद्यापासून यायचं नाही. जावेचं नाव पुकारलं तेव्हा खाला पुढे झाली. सुपरवायझरने कागदात बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, तू ती नव्हेस, तू तिची जाऊ. गेटवर मोहल्ल्यातला टेम्पोवाला उभा होता. तासाभरात दिराला कळलं.

"त्या कागदावरचा मना वाचता येत नाय," खाला म्हणाली. "पन अक्षर वळकता येता. ह्याच अक्षराच्या पुड्या माज्या घरात हायत. सकाळ, संध्याकाळ. तूच लिवतेस ना गो?"

मी हो म्हटलं. ती ओरडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी तुज्याजवळ बोललू होतू," आणि निघून गेली. त्या दिवशी मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही. जाऊही नये.

अकरा जणी काढल्या होत्या. डॉक्टरबाई परत आल्या, ऐकलं आणि सरळ कारखान्यात गेल्या. मी मागोमाग. साहेब उठून उभे राहिले, खुर्च्या दिल्या. त्यांचा आवाज चढला नाही की चेहरा बदलला नाही. त्यांनी परदेशी गिऱ्हाइकाचे नियम काढून दाखवले: हाताला जखम असलेल्या माणसाने मालाला हात लावता कामा नये. "नियम आधीपासून होता, मॅडम. कुणाला जखम आहे ते आम्हाला कळत नव्हतं. तुमच्या वहीमुळे कळलं." आणि त्यांनी माझ्याकडे बघून मनापासून आभार मानले. कोमट पाण्याचं डॉक्टरबाईंनी पुन्हा काढलं. ते म्हणाले, आता जखमा असलेलं कुणी राहिलंच नाही ना.

गाडी परत करायची का, यावर आम्ही तिघी खूप भांडलो. नर्स म्हणाली, परत करा. डॉक्टरबाई म्हणाल्या, गाडी गेली तर लांबच्या वस्त्यांतल्या गरोदर बायकांचं काय. गाडी राहिली. पण त्यानंतर एकही बाई हात दाखवायला आली नाही. खोकला, ताप, कंबर, पाळी, सगळं घेऊन यायच्या, हात मात्र पदराखाली. माझ्या वहीतून जखमा नाहीशा झाल्या. वर्षाच्या शेवटी आम्हाला कारखान्याकडून एक मानपत्र मिळालं, चौकटीत घातलेलं. जखमांचं प्रमाण लक्षणीय घटल्याबद्दल. डॉक्टरबाईंनी ते कपाटाच्या मागे ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

आता कंपन्यांनी आणि संस्थांनी हातात हात घालून काम करावं यावर सभा होतात. मलाही कधीमधी बोलावतात. गाडी कुणाची, फलक केवढा, फोटोत मध्ये कोण, हे सगळं तिथे बारकाईने ठरतं. मी उठून विचारते, वही कुणाची? पेशंटने जे सांगितलं ते कुणाच्या टेबलावर जाणार आणि कुणाच्या जाणार नाही, हे पहिल्या दिवशी कागदावर घाला. लोक माना डोलावतात आणि जेवायला उठतात.

गेटवरच्या त्या प्रकारानंतर दोनेक वर्षांनी मोहल्ल्याजवळ गाडी लावली होती तेव्हा खालाची पोरगी आली. दिराने हट्ट सोडला नव्हता. लग्न टाळायचं तर घरात मजुरी यायला हवी, म्हणून तिने दहावीच्या परीक्षेआधीच शाळा सोडली होती. गेटवर नवा सुपरवायझर आला होता. ती कारखान्यात जात होती, चुलतीच्या त्याच कार्डावर. तेव्हा तिचे हात कोवळे होते, कोरे होते, लगेच घेतलं.

ती म्हणाली, खोकला आहे. ती खोकत नव्हती. ओढणीखाली हात घट्ट धरलेले.

"हात दाखव," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे नाही, माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं. "ती आदी मिटा."

मी वही मिटून सीटखाली टाकली. तेव्हा तिने हात काढले. बेचक्या पांढऱ्या, दोन नखं काळी पडलेली. थेट तिच्या आईचे हात. डॉक्टरबाईंनी साफ केले, मलम लावलं, गोळ्या दिल्या. मी गोळ्या पुडीत घातल्या आणि सवयीने पेन उचललं, सकाळ-संध्याकाळ लिहायला.

तिने पुडी माझ्या बोटांखालून ओढून घेतली. "त्यावर पन नको. मी ध्यानात ठेवीन."

पुडी ओढणीत खोचून ती पाखाडी उतरून गेली. संध्याकाळी मी त्या दिवसाची नोंद केली. नाव नाही, घराची खूण नाही, शेरा नाही. नुसता आकडा लिहिला, एक. तेवढाच तर मागितला होता त्यांनी.