तांदळाच्या डब्यातली ताई

निघायच्या दिवशी सकाळी मी ताईला तांदळाच्या डब्यात पुरलं. मनगट बुडेपर्यंत हात आत घातला, तिला तळाशी ठेवलं, वरून तांदूळ सारखे केले आणि झाकण दाबून बसवलं. नवरा अंगणात गाडीच्या काचा पुसत होता. त्याला काही कळलं नाही.

घाबरू नका. ताई म्हणजे टाक. अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची चकती आणि तिच्यावर ठोकून काढलेली बाई. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. नवी साडी आधी टाकाला लावायची, मग आपण नेसायची. मोसमातला पहिला आंबा, नव्या बांगड्या, हळदीकुंकू, सगळं आधी तिला, मग आपल्याला. नाहीतर पहिली रुसते आणि दुसरीला घेऊन जाते, असं सासूबाई सांगायच्या. माझी सवत माझी सख्खी मोठी बहीण होती. ती तापाने गेली तेव्हा तिची लेक दीड वर्षाची होती. परक्या बाईपेक्षा मावशी बरी, असं दोन्ही घरच्या मोठ्यांनी ठरवलं आणि कशेळीहून मी दापोड्याला आले, ताई ज्या घरात नांदली त्याच घरात. सासूबाई मला शेवटपर्यंत धाकली म्हणाल्या. थोरली नसलेल्या घरातली धाकली.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. तीच दीड वर्षाची लेक आता कल्याणला सासरी असते, मला मम्मी म्हणते आणि आमच्यावर अरेरावी करते. "दोघं कधी कुठं गेला न्हाय, आता जा," म्हणून तिने फोनवरून चार दिवसांच्या खोल्या ठरवून टाकल्या. आधी त्र्यंबक, मग जुनं नाशिक, मग दिंडोरीकडे द्राक्षांचे मळे आणि वाइनचा कारखाना. नवऱ्याला सवड होतीच. भातशेती होती तिथे गोदामं उभी राहिल्यापासून तो गेटवर खुर्ची टाकून बसतो आणि परक्या ड्रायव्हरांना कंटेनर मागे कसा घ्यायचा ते शिकवतो. त्यांनी विचारलेलं नसतं, तरी शिकवतो.

टाक मागे का ठेवला, तेही सांगते. हा माणूस माझ्याकडे बघतो तेव्हा त्याची नजर आधी माझ्या गळ्याशी थांबते. सकाळी चहा घेताना, बाहेरून आल्यावर, जेवायला बसताना. आधी गळा, मग तोंड. सव्वीस वर्षं मी हे बघते आहे. मला चार दिवस एकटीला हवे होते. गळ्यात ती नसेल तर हा कुणाकडे बघतो, ते मला एकदा बघायचं होतं.

थंडी होती, म्हणून शाल गुंडाळली. कारण आयतं मिळालं.

मानकोलीचा नाका ओलांडून नाशिकच्या रस्त्याला लागलो आणि गाडी टिंग टिंग करायला लागली. थांबेचना. नवऱ्याने स्टिअरिंगमागची लाल खूण बघितली आणि म्हणाला, "मागं कोनीतरी पट्टा लावला न्हाय, म्हणतेय." मागे कुणीच नव्हतं. सीटवर फराळाची पिशवी होती, तिच्या वजनाने गाडीला माणूस बसल्यासारखं वाटलं होतं. हे मला कळत होतं, तरी मान वळवून बघायला मला पडघ्यापर्यंत धीर झाला नाही. शेवटी त्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरला आणि पिशवीला पट्टा लावून आला. मग गाडी गप्प झाली. मी मात्र कसारा घाट चढेपर्यंत मागच्या सीटकडे कान लावून बसले होते.

टाक अंगावर होता तेव्हा ताई कुठे आहे हे मला नेहमी ठाऊक असायचं. आता ती कुठेही असू शकत होती. इगतपुरीच्या चहाच्या टपरीवर, त्र्यंबकच्या कुंडाच्या पायऱ्यांवर, मला पाठमोरी बाई दिसली की तिचं तोंड दिसेपर्यंत मी हलायची नाही. त्र्यंबकला बांगड्या घेतल्या. घालण्याआधी हात सवयीने गळ्याशी गेला आणि रिकामा परत आला. बांगड्या मी तशाच पिशवीत टाकल्या. चार दिवस एकटी राहायला निघालेल्या बाईला चार तास एकटं राहवेना, याचा मलाच राग आला.

दुसऱ्या दिवशी जुन्या नाशकात फिरत होतो. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, तांब्याच्या भांड्यांची दुकानं, पुढे सराफांची ओळ. एका छोट्या दुकानाच्या काचेत देवांचे टाक मांडले होते. नवरा तिथे थांबला आणि म्हणाला, "काढ गं टाक. तोंड पार झिजलंय तिचं. उजळून घेऊ."

"घरी हाय," मी म्हणाले.

"घरी कुठं?"

"तांदळाच्या डब्यात."

त्याने पुढे होऊन माझी शाल बाजूला केली, भर बाजारात, सराफासमोर. मोकळ्या गळ्याकडे बघत राहिला. तोंडावरचा रंग उतरला त्याच्या. वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी भांडायच्या तयारीत होते.  त्याने नुसतं माझं कोपर धरलं आणि गाडीकडे चालायला लागला.

तिथून पुढे गाडी चाळीसच्या वर जाईना. हा माणूस ऐन उमेदीत लूमच्या कापडाचे ताके भरलेला टेम्पो भिवंडीहून नाशकाला असा पळवायचा, की सासूबाई देव पाण्यात घालून बसायच्या. आता मागून ट्रक आला की कडेला थांबायचा आणि ट्रक दिसेनासा झाल्यावरच निघायचा. नदीकाठी मला शेवटच्या पायरीवर उतरू दिलं नाही. रस्ता ओलांडताना माझं कोपर सोडलं नाही. बोलणं मात्र "हां" आणि "न्हाय", एवढंच. मी मनात म्हटलं, घ्या. ती गळ्यात होती तेव्हा निदान माझ्याशी बोलत तरी होता. तिला मागे ठेवलं तर हा तिच्याजवळच राहिला.

तिसऱ्या दिवशी दिंडोरीच्या बाजूला त्या वाइनच्या कारखान्यात गेलो. टाय लावलेल्या गृहस्थांनी पेल्यात बोटभर लाल वाइन ओतली आणि पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवलं. त्यांना तिच्यात लाकडाचा, चेरीचा आणि पावसाळी मातीचा वास येत होता. मला आंबट वास आला. आमच्याकडे हळदीच्या मांडवात जे काही वाहतं त्यापुढे हे सरबतच. तरी पेला ओठांना लावण्याआधी माझा हात गळ्याशी गेला. नवऱ्याने ते बघितलं आणि त्याने आपला पेला न चाखताच खाली ठेवला.

आम्ही बाहेर मळ्यात आलो. त्यातला एक भाग खायच्या द्राक्षांचा होता. डोक्यावर तारांचा मांडव आणि त्याखाली हाताला लागतील असे हिरवे घड. ते बघून मला रडूच आलं. कारण ताईला हे बघायचं होतं. टेम्पो नाशकाहून परतताना हा पेपरात बांधून द्राक्षं आणायचा आणि ताई त्यातली माहेरी घेऊन यायची. मी जन्मातला पहिला द्राक्षाचा मणी खाल्ला तो तिच्या हातचा. तिने तो पदरात धरला, कापडावरून चिमणीच्या दातांनी चावून दोन तुकडे केले. लहानपणी बोरं, आवळे, पेरू आम्ही असेच खायचो, कापडावरून चावलं की उष्टं होत नाही. आधीचा तुकडा ती मला द्यायची, उरला तो स्वतः खायची. त्या दिवशी तोही बरोबर आला होता आणि तिने त्याला विचारलं होतं, "द्राक्षं झाडाला लागतात का वेलाला? एकदा नेऊन दाखवा." तो म्हणाला होता, पुढच्या मोसमात.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशी आमच्या ओट्यावर बसून भावजी, म्हणजे हाच माणूस, हसले आणि मला ते आवडले. मी एकोणीस वर्षांची होते. पाप काही केलं नाही, पण मनात आलं ते आलंच. पुढच्या पावसाळ्यात ताई गेली. मला तेव्हापासून वाटत आलंय की तिला ते कळलं होतं.

हे सगळं एकदम वर आलं आणि मी मांडवाखाली उभ्या उभ्या त्याच्यावर घसरले. "तिलाच दाखवायचं होतं ना हे? मग सरळ सांगायचं होतं. टाक काढून तुमच्या खिशात दिला असता, गेला असता दोघं फिरायला."

"काय बोलतेस?"

"दोन दिस तोंडातून शब्द न्हाय तुमच्या. ती नसली तर मी न्हायच काय?"

तो तिथल्या उपड्या क्रेटवर बसला. हातातल्या रुमालाच्या घड्या घालायला लागला.

"तिचं न्हाय गं," तो म्हणाला. "ती गेली, तिचं आता काय व्हायचं हाय? तुझा गळा मोकळा बघितला आनि मी भ्यालो. आई सांगायची न्हाय, टाक नसला तर पहिली दुसरीला नेते? मी मानत न्हाय. पन गाडी मीच चालवतोय ना. एकदा घर रिकामं बघितलंय मी. परत न्हाय बघवायचं."

 मग जे सव्वीस वर्षं विचारायचं होतं तेच विचारलं. "तुम्ही रोज माझ्या गळ्याकडं कशाला बघता?"

"टाक हाय का बघतो," तो म्हणाला. "टाक हाय म्हंजे तू हाय."

 मला वाटत होतं हा रोज तिला बघतो. हा रोज मला मोजून घेत होता, रात्री गोठ्याला कडी लावताना गुरं बघावीत तसा. रागही आला, हसूही आलं. डोक्यावरच्या घडातला एक मणी तोडला आणि कुणालाही न दाखवता, कशालाही न लावता तोंडात टाकला. थोडा आंबट होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, गळ्याकडे नाही.

"काय झालं न्हाय ना?" त्याने विचारलं.

"आंबट हाय," मी म्हणाले.

परतताना मागच्या सीटवर द्राक्षांची पेटी ठेवली. गाडीने लगेच टिंग टिंग सुरू केलं. या वेळी मी स्वतः उतरले आणि पट्टा लावला. नवरा म्हणाला, नीट बसव. 

घरी आल्यावर पायावर पाणी घेतलं आणि आधी स्वयंपाकघरात गेले. तांदळात हात घातला, लागेना. कोपरापर्यंत गेला, तरी लागेना. नवरा दारात उभा होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज मला येत होता. ती रुसून गेली, असं एक क्षण मला खरंच वाटलं आणि मी मोठ्याने "ताई" म्हणाले. मग एका कोपऱ्यात बोटाला गार चांदी लागली.

तिच्यावरचे तांदळाचे कण पुसले. तोंड झिजलेलंच होतं, नाक नाही, डोळे नाहीत. तिला ओट्यावर ठेवलं आणि पेटीतला एक मणी घेतला. सव्वीस वर्षं मी आधी तिला देत आले आणि मनातल्या मनात कुढत आले, की मला पहिलं काहीच मिळत नाही. मणी पदरात धरला, कापडावरून चिमणीच्या दातांनी चावला. त्याचे दोन तुकडे झाले. आधीचा मी खाल्ला, ती मला द्यायची तसा. उरला तो तिच्यापुढे ठेवला.