शड्डू आणि पिवळा रुमाल

सन २०२३. मला तेव्हा बहात्तरावं लागलं होतं. बायको जाऊन दोन हिवाळे झाले होते, तरी कुलूप काढून घरात शिरायच्या आधी मी उंबऱ्यावर खाकरत असे. आमच्याकडे बाप्या माणूस खाकरूनच घरात येतो. आतल्या बाईमाणसाला पदर सावरायला वेळ मिळावा म्हणून. आत कोणी नाही हे मला काय ठाऊक नव्हतं? कुलूप मीच लावून गेलेलो. पण खाकरायचो.

शिक्षण माझं चौथी, तीही बसलो एवढंच. तरुणपणी महाल भागातल्या एका आखाड्यात कुस्ती केली. नंतर बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात कापसाच्या गाठी हलवल्या, रिटायर होईपर्यंत. मुलगा पुण्यात. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येई आणि दर रविवारी तो म्हणे, "बाबा, एकटे काय करता तिथे? इकडे या." मी म्हणे, "माहं मैदान आहे ना इथं." कसलं मैदान ते त्यानं कधी विचारलं नाही. फिरायला जात असेन असं त्याला वाटत असावं.

खरं म्हणजे सुरुवातीला मी फिरायलाच जात होतो. घराजवळच्या मैदानाला दोन फेऱ्या, मग सिमेंटच्या बाकावर बसायचं. एका सकाळी तिथे बारा-तेरा वर्षांचे पोट्टे-पोट्ट्या डोक्यावर जाळीचे टोप आणि खांद्यावर फुगीर पॅड घालून एकमेकांवर आदळताना दिसले. त्यांना शिकवणारा सर माझ्या मुलाच्या वयाचा. कॉलेजात असताना हैदराबादला हा खेळ शिकून आला होता. अमेरिकन फुटबॉल म्हणे. फुटबॉल कसला, लंबगोल नारळासारखा बॉल, आणि पायानं क्वचितच मारायचा.

पाचजण पुढे ओळीत वाकून उभे राहत. त्यांच्या मागे बॉल घेणारा. समोरून दुसऱ्या संघाची पोरं त्याच्या अंगावर धावून येत, आणि या पाचजणांचं काम एवढंच, की त्यांना अडवायचं. हातानं धरायचं नाही, मिठी मारायची नाही, पाडायचं नाही. छातीवर तळवे टेकवून रेटायचं. आणि ही पाच पोरं आदळली की उताणी पडत होती. ताठ उभं राहून आदळल्यावर दुसरं काय होणार? दोन-तीन दिवस मी गप्प पाहिलं. मग राहवलं नाही.

"अबे, कंबर खाली घे! उंटासारखा काय उभा राह्यला!"

सर वळून पाहायला लागला. मला वाटलं, आता हा म्हणेल काकाजी तुम्ही बसा. तर तो म्हणाला, "या ना काकाजी. दाखवा त्यांले."

मी चप्पल काढून आत गेलो, आणि त्या दिवसापासून ती पाच पोरं माझी झाली.

संघातली जाडी, जड, कोणी धावायला घेत नव्हतं अशी पोरं होती ती. बॉल त्यांच्या हाताला लागतच नसे. फक्त मधली पोरगी बॉल जमिनीवर धरायची आणि दोन पायांमधून मागे द्यायची. तिचं मनगट पाहून मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "तू मुलगा असती तं तुले आखाड्यात नेलं असतं." ती म्हणाली, "आबाजी, आता पोरीबी जातात. तुमाले माहीत नाही का?" माहीत होतं. पण ऐकून घेतलं.

पुढचे काही महिने रोज सकाळी मी त्यांना बसवलं, उठवलं, रेटायला लावलं. एक हात जमिनीवर, मान वर, बूड खाली, पावलं छोटी. तळवे समोरच्याच्या बगलेच्या आत. कोपर बाहेर गेलं की कोपरावर टपली. सराव झाला की गेटाजवळच्या टपरीवर तर्री-पोहे. पोरं माझ्यासाठी बाकावर जागा धरून ठेवत. "आबाजी, इकडे बसा." "नाही, आबाजी माह्या बाजूनं." एवढ्यासाठी मी पहाटेच दाढी करून निघायचो.

आणि त्यांना मी शड्डू शिकवला.

आखाड्यात पैलवान समोरच्यावर जायच्या आधी मांडीवर थाप मारतो. आवाज असा निघाला पाहिजे की भिंतीवरचं कबूतर उडावं. मी आलोय, सावध हो, असं त्याला सांगायचं असतं. न सांगता कोणाच्या अंगावर जाणं आमच्यात चोरी धरत. मी पोरांना सांगितलं, उजवा हात जमिनीवर राहू द्या आणि डाव्या हातानं मांडीवर थाप मारा, मग उठा. पोरांना असं आवडलं ते! चार मांड्या एकदम वाजायच्या, मधलीचे हात बॉलवर असत, फिरायला आलेले लोक थांबून पाहायचे.

सरनं एकदा बाजूला घेऊन सांगितलं होतं. "काकाजी, एकदा हात जमिनीवर टेकला की बॉल हलेपर्यंत यांनी हलायचं नसते. बोटबी नाही. थाप मारली तं रेफरी रुमाल टाकते, मग पूर्ण संघाले पाच यार्ड मागे जावं लागते."

"मास्तर, थापेनं कोणाचं काय बिघडते?"

"नियम आहे ना, काकाजी."

"थाप नाही मारली तं पोट्ट्यांच्या अंगात येईन कसं? दगडं थोडीच आहेत ते?"

पुढे तो आणखी एकदा बोलला. मी ऐकलं नाही. सरावात रुमाल टाकणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे माझंच खरं वाटत राहिलं.

मग डिसेंबरात एका रविवारी बाहेरगावचा संघ आला. सामना आमच्याच मैदानावर. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातले रेफरी, खिशात पिवळे रुमाल. पोरांचे आईबाप खुर्च्या घेऊन आलेले. मी इस्त्रीचा सदरा घातला होता.

पहिल्याच डावात मधल्या पोरीनं बॉलवर हात ठेवला, बाकीचे चौघे वाकले, आणि त्या चौघांच्या थापा वाजल्या. शिट्टी. पिवळा रुमाल गवतावर. संघ पाच यार्ड मागे.

सरनं ओरडून सांगितलं, "थाप नाही! थाप नाही!" पण महिनोन्‌महिने अंगात भिनलेली गोष्ट ओरडून निघते का? नंतर जरा जमलं, मग पुन्हा वाजली. समोरचा एक उंच पोरगा आपली मांडी बडवत म्हणाला, "क्या पहलवान, मच्छर मार रहा क्या?" त्यांची सगळी पोरं हसली. आमच्यातला एक जण त्याला म्हणाला, "तू पास आ, तेरे को ही मारता." तेवढंच काय ते बरं वाटलं.

शेवटी शेवटी गुण असे होते की आमचा बॉल एकदा रेषेपलीकडे गेला असता तर आम्ही जिंकलो असतो. रेषा अगदी तोंडाशी होती. आईबाप खुर्च्यांवरून उठून उभे. पोरांनी असं रेटलं होतं, असं रेटलं होतं, की माझ्या स्वतःच्या पोटऱ्या आवळल्या. आता एकदाच. पोरं वाकली. मी मनात म्हटलं, हलू नका रे. जन्मात पहिल्यांदा म्हटलं. आणि थाप वाजली. मागे आली. पुन्हा वाकली, पुन्हा एकाची वाजली. पुन्हा मागे. मग तिथून काही पोचता आलं नाही आणि वेळ संपला.

पोरं टोप काढून गवतावर बसली. मधली पोरगी रडत नव्हती. ती उठून माझ्यापुढे आली. तिची स्वतःची थाप कधी वाजलीच नव्हती, हात बॉलवर असायचे ना.

"आबाजी, तुमीच तं म्हणे, थापेबिगर उठू नका."

सर आला. आवाज त्यानं चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "काकाजी, आता काही दिवस लाइनले मीच पाहतो. तुमी बाकावर बसून सांगत जा."

"बसून सांगणारा माणूस मी नाही."

"तसं नाही काकाजी..."

"मास्तर, उद्यापासून मी येत नाही."

पोरांच्या, आईबापांच्या देखत बोललो. बोललो ते बोललो. गमछा बाकावर होता, तो घ्यायलाही वळलो नाही. मागून सर पोरांना काहीतरी सांगत होता, तेही ऐकलं नाही.

घरी आलो, खाकरलो, कुलूप काढलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "काय चाललंय बाबा?"

"काही नाही. मॅच होती."

"टीव्हीवर? कोणाची?"

"होती एक."

"बरं. मग कधी येताय? खोली रिकामीच आहे. सूनबाई पण म्हणते."

दर रविवारचं उत्तर तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. माहं मैदान आहे असं आता कसं म्हणू? सकाळी सगळ्यांसमोर मीच नाही म्हणून आलो होतो. मैदानावर न जावं तर पुण्यातल्या त्या खोलीत खिडकीशी बसावं, सून चहा आणून देईल, नातू शाळेतून उशिरा येईल. जावं तर सांगितलेला शब्द गिळावा. मी आयुष्यात शब्द गिळला नाही. कारखान्यात मुकादमाशी भांडलो तेव्हा आठ दिवस घरी बसलो, पण परत माफी मागायला गेलो नाही. तोच आला होता.

"पाहतो," म्हटलं. मुलाला इतका आनंद झाला की मला फोन लवकर ठेवावासा वाटला.

स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. डाळ-तांदूळ एकदमच. कुकरजवळ उभा होतो, शिट्टीची वाट पाहत, तेव्हा काय मनात आलं काय माहीत. धोतर खोचलं आणि फरशीवर वाकलो. उजवा हात टेकला, बूड खाली, मान वर, पोरांना शिकवलं तसंच. म्हटलं, शिट्टी म्हणजे बॉल हलला. शिट्टी झाली की उठायचं. तोवर हलायचं नाही. यात काय अवघड आहे?

कुकरनं फुरफुर सुरू केली आणि माझ्या डाव्या हातानं मांडीवर थाप मारली. शिट्टी त्यानंतर झाली.

एकटाच होतो, तरी इकडेतिकडे पाहिलं. पुन्हा वाकलो. दुसऱ्या शिट्टीच्या आधी पुन्हा वाजली. हात माझा, मांडी माझी, आणि कोणी ऐकायला तयार नाही. तिसऱ्या शिट्टीला डावा हात पाठीमागे कंबरेत खोचून ठेवला, तर खांदाच उडाला. पोरांवर डोळे वटारून ओरडणारा मी. खिचडी खाली लागली. तशीच खाल्ली.

खाता खाता एक गोष्ट लक्षात आली. हात टेकल्यावर हलायचं नाही, असं सर म्हणाला होता. टेकायच्या आधी काही म्हणाला नव्हता. उभ्या उभ्या थाप मारायला कोणाची ना होती? आधी शड्डू, मग हात मातीला, मग दगड. हे सांगायला घरात कोणी नव्हतं. मुलाला फोन लावावा वाटलं. पण त्याला आधी बॉल कसा असतो तिथपासून सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली आणि मैदानावर गेलो. सरला काय म्हणायचं ते रस्ताभर जुळवत होतो. गमछा विसरलो होतो, तो न्यायला आलो, असं म्हणायचं ठरलं. खोटंही नव्हतं ते.

मैदानावर कोणीच नव्हतं. खुर्च्या उचललेल्या, चुन्याच्या रेषा तेवढ्या राहिलेल्या. मला वाटलं, सरनं मैदानच बदललं की काय. टपरीवाला शेगडी पेटवत होता. तो तिथून म्हणाला, "काकाजी, आज काहून आले गा? सरनं सुट्टी देल्ली पोरायले. काल सांगतलं ना सगळ्यायले. तुमी तं तरातरा निघून गेले."

"उद्या आहे का?"

"उद्या हाये म्हणे. हा तुमचा गमछा. त्या मधल्या पोरीनं ठेवला इथं. म्हणे, आबाजी येतीन तं देजा."

गमछा घडी घातलेला होता. मी तो खांद्यावर टाकला. म्हणजे घरी परत जायला काही हरकत नव्हती. पण मी रेषेकडे गेलो. चप्पल काढली. उभ्यानं शड्डू ठोकला, चांगला खणखणीत. नंतर वाकलो आणि उजवा हात मातीला टेकला.

समोर कोणी नव्हतं. बॉल हलवायलाही कोणी नव्हतं. गुडघे कुरकुर करायला लागले, फिरणारी एक बाई थांबून पाहून गेली, टपरीवाल्यानं ओरडून विचारलं, "काकाजी, पडले का?" डाव्या हाताला दोनदा राहवेना. पण मांडीवर गेला नाही.

तळव्याला काहीतरी टोचत होतं. गोखरूचा काटा. उठलो, तळवा झटकला आणि पोरं जिथे हात टेकतात त्या पाचही जागचे गोखरू वेचायला बसलो. मधल्या जागेचे आधी.