शैलाने शिकवलेले साहेब

शैला परब गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मरोळच्या एका सभागृहात तिचीच वाट पाहत होते. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून, अटींवर सुटून वस्तीत परतलेल्या माणसांवर लक्ष कसं ठेवायचं, हे ती पोलिसांना, प्रोबेशन ऑफिसरांना, संस्थांच्या कार्यकर्त्यांना शिकवायची. मी तिची मैत्रीण आणि मदतनीस. आयोजक होते प्रोबेशनचे मोठे साहेब; रडतच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे, फार वाईट झालं… मग जेवण आधी लावायचं का?" आणि लावलं हो! गुलाबजाम संपेपर्यंत एकही जण उठला नाही.

ही मंडळी मी पंधरा वर्षं पाहिली आहेत. प्रमाणपत्रापुरती येणारी, मागच्या रांगेत मोबाइलमध्ये मान घालून बसणारी. शैला मुलुंडची, मूळ मालवणकडची, जीभ तिखट. तिचा पहिलाच प्रश्न असायचा, "त्याच्या घरी गेलात तेव्हा चहा घेतलात?" सगळ्यांचे हात वर. "म्हणजे पाहुणे झालात, मेल्यांनो! आता पाहुण्याने कसं विचारायचं, काल कुठे होतास म्हणून?" लोक हसायचे, वहीत उतरवून घ्यायचे, आणि पुढच्याच आठवड्यात कुणाच्या तरी आईच्या हातचे चहा-पोहे हाणून भेटीच्या अहवालात 'समाधानकारक' लिहून मोकळे व्हायचे. पालथ्या घड्यावर पाणी! मला त्यांची किळस यायची, अजूनही येते.

शैला स्वतः एक शनिवार सोडून मानखुर्दला एकाकडे जायची. लहान मुलीवर अत्याचार केलेला माणूस. मुलं असतील तिथे काम करायचं नाही, ही त्याच्या सुटकेची अट. जायचं काम खरं तर तिचं नव्हतं, पण ज्यांचं होतं ते फिरकत नव्हते. दाराबाहेर उभ्यानेच ती विचारायची, कुठे जातोस, कोणाबरोबर असतोस, डोक्यात काय चालतं. मी एकदा चिडून म्हटलं, "असल्या माणसाचं तोंड तरी कसं बघवतं गं तुला?"

"नाही बघवत. घरी येऊन आधी आंघोळ करते. पण मी नाही बघितलं तर कोण बघणार, हे साहेब?"

महिन्याभराने शोकसभा झाली. त्याच साहेबांनी तिचं कार्य पुढे नेण्याची शपथ घेतली. मी उठून विचारलं, "मानखुर्दला कोण जातंय?" प्रोबेशनवाल्यांनी पोलिसांकडे पाहिलं, पोलिसांनी संस्थेकडे, संस्थेने छताकडे. मग साहेबांनी मोबाइलवर अहवाल काढून दाखवला. शैला गेल्यानंतर दोन भेटी, दोन्ही समाधानकारक.

त्या शनिवारी मीच गेले. त्याने दार उघडून आधी माझ्या मागे पाहिलं. मॅडम वारल्या, मी सांगितलं. मग विचारलं, "सध्या कुठे कामाला आहेस?"

"वॉचमन लागलो. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये. खाली लहान पोरांचे क्लास चालतात."

"साहेबांना सांगितलंस?"

"ते कुठे आले? दोनदा फोन केला फक्त. बरा आहेस ना, म्हणाले. कामाचं विचारलंच नाही कोणी… मॅडमनी विचारलं असतं."

तिथूनच साहेबांना फोन लावला. "आज शनिवार ना हो, सोमवारी बघू," म्हणाले. शैला उभी राहायची, त्याच उंबरठ्याबाहेर मी उभी होते. फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, "चप्पल घाल. तुला ज्याने कामावर ठेवलंय त्याच्याकडे जायचंय. आत्ता."