तिने काढलेल्या रेघा

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या विभागात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं. नवऱ्याला हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून म्हैसूरला आलो. चार वर्षांत परत जायचं ठरलं होतं, आता वीस होत आली. कन्नड मी रुग्णांकडून शिकले. त्यामुळे 'हात वर', 'श्वास धरा', 'हलू नका' हे मला फर्डं येतं आणि भाजीवाल्याशी बोलताना अजून अडखळायला होतं. हुकूम सोडायची भाषा आधी आली याचं नवऱ्याला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

माझं काम स्तनाच्या कॅन्सरचं. ऑपरेशन झालं की मागे राहिलेलं मारायला रेडिएशन द्यायचं. इथल्या बायका त्याला 'करंट' म्हणतात. पूर्वी हा करंट पाच आठवडे चालायचा, शनिवार-रविवार सोडून रोज. जवळच्या वरुणा गावाकडची एक बाई अठराव्या सिटिंगनंतर यायचीच बंद झाली. फोन केला तर म्हणाली, म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाहीत. मी तिला फोनवरच फैलावर घेतलं. फोन ठेवल्यावर मात्र मनात आलं की चूक तिची नाही, आमच्या पाच आठवड्यांची आहे. माझं सगळं संशोधन त्या फोनमधून निघालं. रोजचा डोस थोडा वाढवून तेच काम तीन आठवड्यांत, पंधरा सिटिंगमध्ये उरकता येतं, हे जगात इतरत्र करून बघितलेलं होतं. आमच्या बायकांना ते कितपत सोसतं आणि पुढे गाठ परत येते का, हे मी वर्षानुवर्षं नोंदत गेले. यात एक मेख आहे. सिटिंग कमी झाली की प्रत्येक सिटिंगचं महत्त्व वाढतं.

करंट सुरू करण्याआधी बाईला टेबलावर निजवतात, हात डोक्यावर घ्यायला लावतात आणि छातीवर जांभळ्या शाईने रेघा काढतात. मग रोज खोलीतल्या लेझरच्या रेघा या रेघांवर जुळवायच्या, की मशीनचा झोत बरोबर जागी पडतो. म्हणून मी प्रत्येकीला बजावत असे. तिथे पाणी नाही, साबण नाही. रेघ फिकी झाली तर आपण हात लावायचा नाही, लगेच येऊन सांगायचं.

ज्यांना मी पुढे मावशी म्हणायला लागले त्या बाई आल्या याच पंधरा सिटिंगवाल्या गटात. नजरबादला राहायच्या, साठीच्या घरात होत्या. त्यांचं घराणं मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं, मूळ धंदा कापड रंगवायचा आणि छापायचा. सासऱ्यांच्या मागे तो बंद पडला आणि मुलगा हेब्बाळच्या कारखान्यात लागला. माझं मराठी ऐकून त्यांना कोण आनंद झाला! 'अय्यो, तुमी तर पुस्तकासारखं बोलता डॉक्टरम्मा,' असं म्हणून त्या हसायच्या. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड. मला ती भाषा ऐकायला आवडे, म्हणून मी त्यांना जरा जास्त वेळ द्यायचे, हे कबूल करते.

पहिला आठवडा सुरळीत गेला. दुसऱ्या सोमवारी एक तरणी बाई घामाने रेघा पुसून आली आणि वर तीन दिवस कुणाला सांगितलं नाही म्हणाली. माझा पारा चढला. बाहेर बाकांवर दहाबारा बायका बसलेल्या, त्यांच्यासमोर मी तिला नाही नाही ते बोलले. तुला जगायचं नसेल तर आमचा वेळ कशाला घालवतेस, असंही बोलले. ती रडायला लागली. मला वाटलं, बरं झालं, बाकीच्याही कानाला खडा लावतील. त्या बाकांवर मावशी होत्या.

त्या आठवड्यात त्यांच्या घरी सण होता. सुनेने न्हाणीघरात तेल काढून ठेवलेलं, सवयीने त्यांनी अंगावरून पाणी घेतलं आणि रेघा गेल्या. हे मला कळलं पंधराव्या दिवशी, शेवटच्या सिटिंगला. मी सहज बघायला आत गेले होते. रेघा फार देखण्या होत्या. आमच्या तंत्रज्ञाच्या हातून इतकी सरळ रेघ या जन्मात निघणार नाही. कोपरे तर काटकोनात, शाई कुठे पसरलेली नाही.

'मावशी, ह्या कुणी काढल्या?'

'मीच की,' त्या टेबलावर पडल्या पडल्या म्हणाल्या. 'चंद, सुरेख दिसतात ना? लग्न होऊन आले तसं मामंजी कापडावर मलाच रेघा मारायला बसवायचे. माझा हात हलत नाही.'

'पण सांगितलं का नाही?'

'तुमी त्या पोरीला किती ओरडलात. मत्ते परत मला कशाला, म्हणून सुम्ने, गुपचूप मीच काढल्या. वाण्याकडून शाई आणली, आरशासमोर बसले.'

आरशासमोर बसून, म्हणजे हात खाली ठेवून. हात खाली असताना काढलेली रेघ हात डोक्यावर नेला की कातडीबरोबर वर सरकते. आम्ही मोजून पाहिलं. रेघा बोटभर वर गेल्या होत्या आणि सहा सिटिंगमध्ये स्तनाची खालची कड झोताबाहेर राहिली होती. मधे एकदा मशीनवर फोटो काढून जागा तपासायची असते. तो दिवस मशीनच्या दुरुस्तीत गेला आणि पुढे ढकललेला फोटो राहूनच गेला. तंत्रज्ञाने रेघा बघितल्या, त्या उत्तम होत्या, म्हणून त्यानेही शंका घेतली नाही.

त्यांना मी इतकंच सांगितलं की आणखी थोडी सिटिंग द्यावी लागतील. हिशेब करून खालच्या भागाला आम्ही ती दिली. मी ओरडले नाही. मावशींना वाटलं मी फार समजूतदार आहे. जाताना त्यांनी माझ्या हातावर चमचाभर कुंकू आणि दोन केळी ठेवली.

संशोधनात ठरल्याबाहेर काही घडलं तर त्याचा एक कागद भरावा लागतो. काय घडलं, कधी घडलं, आणि शेवटी 'कारण'. त्या रकान्यात मी लिहिलं: रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. वाक्य खोटं नव्हतं. लिहायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत आणि खाली माझी सही आहे. डॉक्टरची भीती वाटल्यामुळे, असं लिहायला त्या कागदावर भरपूर जागा होती.

पुढे माझे निष्कर्ष चांगले निघाले. तीन आठवड्यांचा करंट आमच्याकडे नेहमीचा झाला, वरुणाकडच्या बायका शेवटपर्यंत टिकायला लागल्या. मी सभांमधून हे मांडलं, लोकांनी पाठ थोपटली. पडद्यावरच्या तक्त्यात अगदी खाली एक बारीक ओळ असे, सूचना न पाळल्याने झालेला बदल, रुग्ण एक. तिच्यावर कधी कुणी प्रश्न विचारला नाही. मी मात्र ती ओळ आली की घाईघाईने पुढचं पान काढायचे. आम्ही रेघांऐवजी सुईने बारीक ठिपके गोंदायला लागलो, ते पाण्याने जात नाहीत. ही सुधारणा कुणाला सुचली असं विचारलं की मी विषय बदलायचे.

चौथ्या वर्षी मावशी तपासणीला आल्या तेव्हा माझ्या बोटांनाच आधी कळलं. त्याच स्तनात, खालच्या बाजूला, हरभऱ्याएवढी गाठ. पुढच्या तपासण्यांत ती यकृतातही निघाली.

मला माहीत आहे ते सांगते. ज्यांच्या रेघा शेवटपर्यंत जागच्या जागी असतात त्यांचीही गाठ परत येते. यकृतात गेलेला आजार बहुधा आधीच रक्तातून गेलेला असतो, त्याला रेघ अडवत नाही. आम्ही वाढवून दिलेली सिटिंग पुरलीही असतील. आमचं शास्त्र शंभर बायकांचं काय होईल ते सांगतं, एकीचं का झालं ते सांगत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. स्वतःला सांगितलं तेव्हा त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. मला रडू येत होतं आणि समोर त्या बसल्या होत्या.

'माझ्या रेघेनं आलं काय हो?' त्यांनी विचारलं. चार वर्षं तो प्रश्न त्यांच्याही पोटात होता तर!

'छे, अजिबात नाही,' मी म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की बरोबर आलेल्या सुनेने वर बघितलं.

औषधांनी सातआठ महिने ढकलले. नंतर त्यांना येणं जमेना, तेव्हा मी घरी जायला लागले. बाहेरच्या खोलीत पलंग टाकला होता. कावीळ उतरत नव्हती, पोट फुगलं होतं, हात काड्यांसारखे झाले होते. देवळात दिवा लावला होता का, पोराने डबा नेला का, असं त्या सुनेला विचारत असायच्या. एकदा मला म्हणाल्या, 'डॉक्टरम्मा, तुमाला मी लई त्रास दिला. सांगितलेलं ऐकलं नाही.' आजार अंगावर घेतला तसा त्यांनी दोषही घेतला होता. तो मीच त्यांच्या नावावर लिहून ठेवला होता, आणि तो कागद त्यांनी कधी बघितलाही नव्हता.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी ठरवून गेले. सून आत कॉफी करत होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि बोलून टाकलं, 'मावशी, चूक तुमची नव्हती. मी त्या दिवशी त्या पोरीवर तशी ओरडले नसते, तर रेघा पुसल्यात हे तुम्ही मला सांगितलं असतं ना?'

मला काय ऐकायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. जाऊ द्या हो, असं काहीतरी. त्यांचा स्वभाव तसाच होता, सगळ्यांना त्या तसंच म्हणायच्या. मी वाटच बघत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघताना त्या रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या आठवत होत्या.

'हो की,' त्या म्हणाल्या. 'त्याच दिवशी सांगितलं असतं.'